टिपणाखालची सही

४ जानेवारी
आलो एकदाचा! मामाच्या चष्म्याच्या दुकानावरची खोली मिळालीय. खिडकी मोठी, गादी नवी. दिवसभर काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. मामा म्हणाला, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, निदान लोकांना तरी नीट दिसू दे. कित्येक महिन्यांनी हसलो. तिचं लग्न दुसऱ्याशी ठरल्यापासून अंथरुणातून उठणं म्हणजे डोंगर उचलणं झालंय. मामीने समुपदेशकबाईंची वेळ घेतलीय. म्हणाली, मनात ठेवून कुढत बसू नकोस, बोलून टाक.

९ जानेवारी
तासभर तिच्याबद्दलच बोललो. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. शेवटी टिपण पुढे सरकवलं. प्रत्येक भेटीनंतर खाली सही करायची, असा त्यांचा नियम. वाचतो तर काय, 'धाकटा भाऊ बुडाला, त्याची टोचणी.' म्हटलं, अहो बाई, मी एकुलता एक! त्या म्हणाल्या, नाकारणं हाही आजाराचाच भाग. डोकंच फिरलं. मग तासभर घसा फोडून सांगितलं ते काय भिंतीला? घ्या, लिहा काय हवं ते, म्हणालो. सही ठोकली आणि दार आपटून निघालो.

१० जानेवारी
आईचा फोन. रडत होती. धाकट्याला जाऊन आज दहा वर्षं झाली, म्हणाली, तुझ्या लक्षातही नसेल. विचारलं, कोण धाकटा? तिने फोन ठेवला. मामाला सांगितलं तर तो पांढराफटक पडला. म्हणाला, गाढवा, थट्टेलाही काही सीमा असते.

१६ जानेवारी
बाईंना म्हणालो, ते टिपण फाडा, मी सही केल्यापासून तो भाऊ सगळ्यांना खरा झालाय. गयावया केली. रडलो. त्या म्हणाल्या, छान, प्रगती आहे. आणि नवं टिपण: 'मुलगी काल्पनिक. भावाच्या दुःखावर रचलेली.'
नाही केली सही. जीव गेला तरी करणार नाही. ती माझी नाही, कबूल. पण ती आहे.

१९ जानेवारी
तीन दिवस खाली उतरलो नाही. मामी म्हणते, एक सही तर करायचीय राजा, बरा होशील. तिचे फोटो फोनमध्ये आहेत अजून. तासातासाला बघतो.
त्याला पोहायला मीच नेलं होतं — हे मला का आठवतंय?

२१ जानेवारी
बाई टिपण घेऊन खोलीतच आल्या. मामा-मामी दारात, हात जोडून. बाई म्हणाल्या, ती गेली की दुखणं थांबेल. दुखतंय हो. फार —
सहीचं पहिलं अक्षर टाकलं. एकच. छातीवरचा दगड हलला. खरंच हलला.
घाबरलो. रोजनिशी ओढली. आधी तिला लिहून ठेवतो, मग —
भांडखोर. माझ्याहून उंच. चिडली की पाय आपटते. डाव्या भुवईवर व्रण, लहानपणी पायरीवरून पडला तेव्हाचा, मीच उचललं होतं त्याला, रक्त —
नाही. तिला. तिला मी कुठे