चावडीच्या रेडिओची किल्ली

मी, सोपान गेनबा शेवकरी, वय साठीच्या आसपास, पूर्वी कारखान्यात बॉयलरचे पत्रे ठोकणारा, हल्ली घरची शेती पाहणारा, राहणार मौजे महाळुंगे, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, नशापाणी केलेले नाही. शरीर धड आहे, फक्त कान गेले आहेत. या कानांपायी गावात तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून हा कागद आताच करतो. मरण काही दाराशी आलेले नाही. लिहिणार ज्योतीराम मास्तर. शुद्ध करा पण गोड करू नका, असे त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. राहते घर माझी पत्नी भागूबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर मुलगा सयाजी याच्याकडे जाईल. सयाजी रहाटणीला सासऱ्याच्या मळ्यात राहतो आणि तिथेच त्याचे बूड टेकलेले आहे. घर हाती येताच विकायची घाई करू नये. न्हाणीची मोरी मी स्वतः बांधली आहे, ती कोणी तोडू नये.

कलम दुसरे. विहिरीकडची जमीन भागूबाई व सयाजी या दोघांची. पोस्टातली शिल्लक भागूबाईची एकटीची. त्यावर सयाजीने किंवा त्याच्या सासऱ्याने बोलू नये.

कलम तिसरे. घण, छिन्न्या, सांडशी ही हत्यारे सयाजीची. ती वापरताना कानात कापसाचे बोळे घालावेत. पुण्याकडच्या कारखान्यात आम्ही घालत नव्हतो. बॉयलरच्या पोटात एकाने बसायचे आणि बाहेरून दुसऱ्याने घण घालायचे, असे ते काम. बोळे घालणाऱ्याला आम्ही बायल्या म्हणून चिडवत असू. मी सर्वांत पुढे होतो चिडवण्यात. कान एकदम जात नाहीत. आधी बारीक, किनरे आवाज जातात, आणि गेलेला आवाज गेला हे कळायला तोच आवाज ऐकू यावा लागतो. त्यामुळे मला काही कळले नाही.

कलम चौथे. चावडीतला सरकारी रेडिओ. पेटीला कुलूप असते. किल्ली सोपानरावांनी सांभाळावी व त्यांच्या मागे ते सांगतील त्याच्याकडे जावी, असा पंचायतीचा ठराव आहे, म्हणून हे कलम घालण्याचा मला अधिकार आहे. पेटीला दोन बटणे. एक आवाज लहानमोठा करण्याचे, दुसरे आवाज जाड किंवा बारीक, म्हणजे घोगरा किंवा किनरा, करण्याचे. वर छपरावर कर्णा. मी कारखान्यातला, यंत्र जाणणारा, म्हणून बटणांना हात फक्त माझा. पुणे केंद्र लागले की मी दोन्ही बटणे फिरवून शब्द स्वच्छ ऐकू येईपर्यंत आवाज बारीक आणि मोठा करत असे. मला फार गोड वाटे. गाव किती भाग्यवान, असेही वाटे.

माणसे हळूहळू कमी झाली. बाया तर पार पलीकडच्या विहिरीपाशी जाऊन बसत. मी म्हणे, या गावाला ज्ञानाची गोडी नाही. एकदा जेवायला वाढताना भागूबाई म्हणाली, "आवाज जरा जाड लावा की. कानात टोचतंय." मी ते दुसऱ्या दिवशी चावडीत सगळ्यांना सांगितले, "आमच्या मंडळींना रेडिओ टोचतोय बरं का!" लोक हसले. त्यानंतर ती चावडीकडे फिरकली नाही, आणि मी तेही हसण्यावारी नेले.

पुढे कर्ण्याची तार कोणीतरी तोडली; ती मी दुसऱ्याच दिवशी जोडली. मी नाव घेतले शेजारच्या दत्तोबाचे. पुरावा काही नव्हता, पण मला त्याचा चेहरा पसंत नव्हता. बैलांची देवघेव बंद केली, त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही.

यंदा थंडीत मी तापाने पडलो. सरपंच धर्माजी घरी येऊन भागूबाईला म्हणाले, "वैनी, बाजारभाव ऐकायचा हाय, तुमीच लावा." ती रोज संध्याकाळी किल्ली घेऊन जाऊ लागली. बरे वाटल्यावर एके दिवशी मीही काठी टेकत गेलो. चावडी भरली होती. बाया पुढे, अगदी पेटीपाशी. म्हातारे तात्याबा, जे कधी आले नाहीत, ते मान डोलवत बसलेले. मला मात्र पेटीतून नुसती घोगरी गुणगुण ऐकू येत होती. मला वाटले बाईमाणसाने यंत्र बिघडवले. सरळ पुढे गेलो आणि दोन्ही बटणे माझ्या जागेवर आणली.

सगळ्यांचे हात एकदम कानांवर गेले. बायांचे, पोरांचे, तात्याबांचे. मग मला पाहून एकेकाने हात खाली घेतले आणि तोंडे हसरी केली. तात्याबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, चांगलं लागलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. कोणी शिवी दिली असती तर मी उलट बोललो असतो. तसाच घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

भागूबाई आल्यावर विचारले, का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "सांगितलं व्हतं की. हसली समदी."

दुसऱ्या दिवशी दत्तोबा स्वतः आला. म्हणाला, "तार मीच तोडली, सोपानराव. पर कुणी तोडायची म्हून आमी चिठ्ठ्या टाकल्या व्हत्या. माझी निघाली." चिठ्ठ्या कोणी टाकायला लावल्या, हे मी विचारले. धर्माजींनी. म्हणजे सबंध गाव एका विचाराचे होते आणि माझा मान मोडवेना म्हणून चोरासारखे वागले. माझ्या तोंडावर बोलायची सोय मीच ठेवली नव्हती. याची लाज अजून गेलेली नाही, आणि हा कागद लिहवताना वाढली आहे.

कलम पाचवे. दत्तोबावरचा आळ मी मागे घेतो. त्याला काही देत नाही, कारण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला देऊ नये असे मास्तर म्हणतात. बैल मात्र उद्यापासून न्यावेत.

कलम सहावे. रेडिओची किल्ली भागूबाईची. मेल्यावर नव्हे, आजपासून. बाईने चावडीत बसावे की नाही यावर कोणी वाद काढल्यास धर्माजींनी उत्तर द्यावे. ते माझे देणे लागतात, चिठ्ठ्यांचे. पण ती किल्ली घ्यायला तयार नाही. दोनदा पुढे केली. "मला नको तुमची किल्ली," एवढेच म्हणाली. तिच्यावर हुकूम करायचे तोंड मला उरलेले नाही. तिने न घेतल्यास किल्ली पंचायतीकडे जावी. माझ्याकडे राहू नये.

कलम सातवे. यापुढे बटण ज्याच्या हाती असेल त्याने आवाज लावल्यावर सर्वांत लांब बसलेल्या बाईला विचारावे. तिने खरे सांगावे. मी मरेन त्या दिवशी रेडिओ बंद ठेवू नये. मला असेही फारसे ऐकू येत नव्हते.

लेखकाची नोंद: वरील मजकूर मी लिहून देणारांस दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. त्यांस तो नीट ऐकू आला नाही. म्हणून माझ्या सांगण्यावरून सौ. भागूबाई यांनी त्यांच्या कानाशी बसून एकेक कलम सावकाश सांगितले व ते त्यांस समजले. सहावे कलम सांगताना बाई थांबल्या. पुढचे त्यांनी मला लिहून घेण्यास सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत लिहीत आहे:

"किल्ली मी घेते. पर ह्यांनी घरात तोंड लपवून बसायचं न्हाई. रोज चावडीत माझ्या शेजारी बसायचं. पेटीला हात लावायचा न्हाई. पेटीत काय बोलत्यात ते मी ह्यांच्या कानात सांगीन. लोकं बघतील तर बघू द्यात."

हे लिहून देणारांस पुन्हा सांगावे लागले नाही. त्यांनी मान हलवली व सही केली.

लिहून देणार: सोपान गेनबा शेवकरी, सही.
साक्षीदार: धर्माजी तुकाराम बोत्रे, सही.
साक्षीदार: दत्तोबा रामजी शेवकरी, डाव्या हाताचा अंगठा.
लेखक: ज्योतीराम मास्तर, प्राथमिक शाळा.
मुक्काम महाळुंगे, तारीख १ मार्च १९५८.

किल्ली पोचली: सौ. भागूबाई, डाव्या हाताचा अंगठा. उजव्या हातात नवऱ्याचा हात होता.