शेवटचे दोन शब्द

४ मे १९६१
आज व्हर्ना हॉवलेट यांच्या घरी भाड्याच्या खोलीत मुक्काम हलविला. खोली नदीकडे उघडते, अंथरूण स्वच्छ आहे आणि मेजावर माझे जुन्या गीतांचे संग्रह नीट मावले. येत्या १२ तारखेस चर्चच्या सभागृहात या गीतांवर माझा लेख वाचावयाचा आहे, शिवाय एक गीत म्हणावयाचे आहे. शिक्षण चौथीपर्यंतच झाले. तथापि छापील ओळ आणि तोंडी गचाळपणा यांतील भेद मला कळतो. रात्री काकवीतला घेवडा होता. उत्तम.

६ मे
जोडी हॅनराहन नावाच्या तांबड्या केसांच्या तरुणाचे गीत निवडले. तोडलेल्या झाडांचे ओंडके प्रवाहातून हाकत नेताना तो नदीत बुडाला. सापडला तेव्हा सापासारखे बाममासे त्याच्या तोंडात शिरलेले होते. वर्णन ओंगळ आहे, परंतु यमके शुद्ध. अखेरची ओळ अशी: ‘आणि नदीकाठी वाळूखाली तो निजला.’ इकडचे गायक ‘तो निजला’ हे शब्द गात नाहीत, नुसते बोलून टाकतात. पुस्तकांत तसे कोठेही छापलेले नाही. मी शेवटपर्यंत गाणार, असे सांगितले.
शेजारचे लिओ, जे जन्मभर नदीवर ओंडके हाकत होते, हसून म्हणाले, की मॅकरेदादा, पुस्तकाला कुठं तोंड असतं, तुम्हाला आहे, तेव्हा सांभाळा. व्हर्नाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, की शब्द बोलले म्हणजे मेलेला खाली जातो. गायलं तर गाणं संपतच नाही, मग तो बिचारा जाणार कुठं.

७ मे
दुपारी दिवाणखान्यात तालीम केली. अखेरचा स्वर लांबवून गायलो. कोणी टाळी वाजविली नाही. लिओ म्हणाले, की आत्ताच्या आत्ता ते दोन शब्द बोला, हट्ट पुरे. मी नकार दिला.

८ मे
चहाला चिखलाची चव. पेला बदलला, चव तीच. व्हर्नाबाई म्हणाल्या, की किटली सगळ्यांची एकच आहे, काका, आम्हाला तर काही लागलं नाही.
कवळी काढली असता तिच्याखाली केस निघाला. लांब, तांबडा, बुळबुळीत. माझ्या डोक्यावर केस नाहीत.

१० मे
अभिमान बाजूस ठेवून शब्द बोलू पाहिले. चालीतच निघतात. लिओ समोर बसून म्हणतात, की चहा मागता तसं बोला. चहासुद्धा आता चालीतच मागितला जातो—
थुंकीत खवले. जिभेमागे काहीतरी मऊ आहे. गिळले की वळते.

१२ मे
आज सभा. जाणे अशक्य. माझा वास मलाच सोसवत नाही. व्हर्नाबाईंनी ताट ओसरीवर ठेवले आणि नाक धरून म्हणाल्या, की राग मानू नका, काका, पण पडदेसुद्धा धुवावे लागले.
हिरड्या पांढऱ्या, फुगलेल्या. बोट रुतते. ओठांतून पाणी—

१३ मे
लिहिताना शब्दांना चाल लागत नाही. हे आधीच सुचावयास हवे होते. लिहितो, म्हणजे संपेल—

आणि नदीकाठी वाळूखाली मी

चूक. खोडले. ‘तो’ पाहिजे. तो.

आणि नदीकाठी वाळूखाली मी

पुन्हा तेच. माझे लेखन कधी चुकत नाही— कागद भिजला— सावकाश, एकेक अक्षर—

आणि नदीकाठी वाळूखाली मी निज