बेसिनमधला चोथा

धाकटे,

दूध उतू गेलं, गॅस बंद केलाय. बेसिन धुऊ नकोस. मशीनवर मामंजींनी शिवायला घेतलेली पँट आहे, ती तशीच राहू दे.

मी त्यांना घेऊन दवाखान्यात निघालेय, रिक्षा दारात उभी आहे. आज ते बेसिनवर ओकताना मला दिसले. चहाचा चोथा कोण टाकतं म्हणून काल आपण दोघी तोंड सोडून भांडलो ना, तोच काळपट चोथा त्यांच्या उलटीत होता. आणि काल मामंजी मुकाट मशीन मारत बसले होते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, ते पोटातलं रक्त आहे, बहुतेक अल्सर असावा, दुर्बीण घालून बघावं लागेल. त्यांचे हात गार पडलेत. तरी मलाच म्हणतात, "सूनबाई, पित्त आहे गं, उगाच गाव गोळा करू नकोस."

मशीनच्या खणात गुडघेदुखीच्या गोळ्या आहेत. चोरून किती खाल्ल्या कोण जाणे. गोळ्यांचं पाकीट घेऊन ये, बेसिनचा फोटोही काढून आण. रक्त लागलं तर म्हणून भावजींना बोलावून घे. मला एकटीला फार भीती वाटतेय.

चहापत्ती परवाच संपली होती.