मिठागराच्या कादंबरीचा दुसरा भाग

४ जानेवारी
सासूबाईंचा नवा हुकूम. "सगळ्यांनी वाचलेलं मला नको. कोणी हात लावला नाही असं काहीतरी आण." डोळे अधू झाल्यापासून वाचायचं मी आणि नाकं मुरडायची आईंनी. आज वाचनालयात प्रत्येक पुस्तकाची मागची चिठ्ठी बघत बसले. जिच्यावर तारखेचा एकही शिक्का नाही, ते पुस्तक पिशवीत. मिठागरावरची कादंबरी निघाली. लेखिकेचं नाव कधी ऐकलेलं नाही.

११ जाने.
काय लिहिते ही बाई! आणि आम्हाला पत्ता नाही. आईंना दुपारची झोप नको, चहा नको. "पुढे." एवढंच.

१६ जाने.
घोटाळा. चंद्री सासर सोडून होडीत बसली आणि पुस्तक संपलं! वाचनालयातल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हा पहिला भाग. बाइंडिंगवाल्याने कव्हर, पहिलं पान सगळं काढून रेक्झिन चढवलं." आणि दुसरा? "आमच्याकडे कधी नव्हताच." अशी चिडले...

१७ जाने.
आईंची बायपास ठरली, २४ ला. आई म्हणतात, "चंद्री किनाऱ्याला लागल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही." मिलिंद, त्यांचाच लेक, हसला. मला हसू आलं नाही. घाबरल्यात त्या. बोलणार मात्र नाहीत.

१९ जाने.
पनवेलची रद्दीची दुकानं पालथी घातली. खारघरच्या दोन वाचनालयांत नाही. मिळेल त्या नंबरवर फोन चालूच. मिलिंद: "दे ना शेवट रचून, त्यांना काय कळणार?" आईंना? पहिल्या वाक्याला पकडतील. शोधणार म्हणजे शोधणार.

२१ जाने.
उरणकडच्या एका गावातल्या वाचनालयाच्या काकांचा फोन. "पुस्तक हाय ताई, पन कपाट उघडत नाय. कुलूप गंजलंय. तुमी उगाच येऊ नका."
गेले. शिलाई मशिनच्या तेलाची बाटली घेऊन. बराच वेळ झुंजले, मग कुलूप मुकाट्याने उघडलं. काका शेजाऱ्याला सांगत होते, "बाई लय चिवट हाय." घरी येऊन लगेच आईंना वाचून दाखवायला बसले.

२३ जाने.
हॉस्पिटल. निम्मं झालं. होडी वादळात, चंद्रीच्या हातून वल्हं सुटलंय, आणि आईंनी हात वर केला.
"बास. बाकीचं ऑपरेशननंतर."
"अहो, तुम्हीच म्हणाला होता..."
"म्हणाले होते. आता हे म्हणते."
माझ्या गजऱ्याचा दोरा मागून घेतला. उरलेली पानं चाचपून बांधली, गाठ स्वतः मारली. "ही मीच सोडणार. डोकावलीस तर याद राख."

२४ जाने.
सकाळी आत नेलं. मिलिंद फेऱ्या घालतोय. मधे एकदा दार उघडलं, नर्सने दुसऱ्याच कोणाच्या नातेवाइकांना बोलावलं.
पुस्तक मांडीवर. गाठ सैल बसलीय, बोटांत जोर कुठे राहिलाय आईंच्या. घट्ट करायला गेले आणि हात मागे घेतला. त्यांची गाठ आहे, तशीच राहू दे.
सुटू नये म्हणून वर तळहात दाबून बसलेय. दुसऱ्या हाताने हे लिहितेय.