एक नंबर मोठा डायोड

बाबा,

आई दुपारची झोपली आहे आणि मी जिन्याच्या पायरीवर, दाराकडे तोंड करून बसले आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आई इथे नेदरलँड्सला, आइंडहोवनला माझ्याकडे आली त्याला दोन. हल्ली ती विसरते. दार उघडते आणि चालू लागते, आणि कालवा घरापासून दोन मिनिटांवर आहे. म्हणून मी दारावर एक डबी बसवली, दार उघडलं की माझा फोन वाजतो. आत एकच पेन्सिल सेल. त्याचे दीड व्होल्ट वाढवून तीनच्या वर न्यायचे, तेही इतक्या कमी करंटवर की सेल वर्षभर पुरावा.

ऑफिसात मी हेच काम करते, त्यामुळे चिप, कॉइल, कपॅसिटर सगळं मोजूनमापून निवडलं. डायोड मात्र तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या, सुटे पार्ट ठेवायच्या बिस्किटांच्या डब्यातला घेतला. एकदा मी रेडिओत लहान डायोड जोडला होता, तो तुम्ही गिऱ्हाइकादेखत काढायला लावलात. "पार्ट नेहमी एक नंबर मोठा टाकायचा. गिऱ्हाईक परत यावं ते दुसरा रेडिओ घेऊन, तोच नाही." मी रडले होते, पण ते डोक्यात बसलं. डबी बसवत होते तेव्हा आई आत डोकावून म्हणाली, "ह्यांच्या डब्यातला ना? मग बिघडायचा नाही."

बाबा, डायोडने करंट एकाच दिशेने जाऊ द्यायचा, पण मोठा डायोड उलट्या दिशेनेही थोडा सोडतो, आणि ऊब लागली की जास्तच. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या तुमच्या रेडिओंना त्याचं काही नव्हतं. माझं सर्किट मुळात चालतंच तेवढ्याशा करंटवर. टेबलावर मोजलं तेव्हा चाललं. दाराशेजारी रेडिएटर आहे हे मी धरलंच नाही. तीन आठवड्यांत सेल संपला. मंगळवारी फोन वाजला नाही. शेजारच्या बाई आईला हाताला धरून घेऊन आल्या. "शी वॉज स्टँडिंग बाय द वॉटर," एवढंच म्हणाल्या. आईच्या पायात घरातल्या सपाता. "कोथिंबीर संपली होती," ती म्हणाली.

आता लहान डायोड आहे. रेडिएटरवर ठेवून मोजला, ठीक आहे. तरी मी तासातासाला दार उघडून फोन वाजतो का बघते. आईने विचारलं, "काय बिघडलं होतं गं?" मी म्हटलं, "सेल खराब निघाला." तुम्हाला बोल लागू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

हे कुठे पाठवणार, म्हणून खरं लिहिते. तुमचा नियम इथे चालत नाही हे मला आधीच माहीत होतं. दारावर तुम्ही असलात की मला भीती कमी वाटेल, म्हणून तुमचा डायोड लावला.