गुरुवारी लिहायचं नाव

प्रिय दलेंदा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. पाच गल्ल्या सोडून राहणारी बाई पत्र कशाला लिहिते, असं तुझ्या ओठांवर आलं असेल तर ते तोंडातच ठेव आणि वाच. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी फोनवर मी बोलत नाही, भांडते. सुरुवातीला अक्षर वाकडं आलंय, पुढे सुधारेल. सकाळी हमामात, आपल्या गावाच्या न्हाणीघरात, पुरुषांची वेळ असते, तेवढी मी मोकळी, म्हणून रोज सकाळी थोडं थोडं लिहितेय. इतकी वर्षं गावाच्या पाठी घासून माझं मनगट कधी दुखलं नाही, दलेंदा, पण या पेनाने दुखतंय.

गुरुवारी नगरपालिकेत काय होणार ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी लिहिते, म्हणजे मला नीट कळलंय का ते मलाच दिसेल. आमच्या यादीचे सहा निवडून आले, तुझ्या यादीचे सहा. नगराध्यक्षपदाला उभे दोघेच, दोन्ही याद्यांचे म्होरके, माझा भाऊ लज़हर आणि तू. मतं सारखी पडली तर वयाने लहान असेल त्याला खुर्ची, असा कायदा. लज़हर आपल्या दोघींहून लहान. म्हणजे सहा-सहा झालं की तो बसला. आणि सहा त्याने धरूनच ठेवलेत, कारण त्यातलं एक मत त्याच्या सख्ख्या बहिणीचं आहे.

मी त्या यादीत कशी गेले ते तू विचारलं नाहीस, पण गल्लीभर विचारलं असशील. एक पुरुष, एक बाई, पुन्हा एक पुरुष, पुन्हा एक बाई, अशी यादी हवी म्हणे, नाहीतर कचेरी घेतच नाही. झालं! या वसंतात सगळे पक्ष बायका शोधत दारोदार फिरत होते. आपल्या म्हाताऱ्या खद्दूजाखालाला तर तीन पक्षांनी विचारलं. ती म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वेळी एकच स्थळ आलं होतं, तेही चुकीच्या घरी विचारत आलं होतं. आता बघा, रांग लागलीय!" लज़हर माझ्याकडे आला तो घाईतच. म्हणाला, "ताई, दोन नंबरला तुझं नाव टाकतो. तुला काही करायचं नाही." मी म्हटलं, "मग नाव तरी कशाला टाकतोस, उशी ठेव त्या खुर्चीवर." तो हसला, आणि नाव टाकून मोकळा झाला.

तुझं माझ्या भावाबद्दलचं मत मला ठाऊक आहे, दलेंदा. भर हमामात, सगळ्यांसमोर बोलली होतीस. त्याच्या कॅफेतली ती भिंत आठवते? आपल्या लहानपणापासून तिथे राष्ट्राध्यक्ष साहेबांची मोठी तसबीर होती. साहेब विमानात बसून पळाले त्याच दुपारी लज़हरने तसबीर खाली उतरवली, आणि मागे रंगाचा फिकट चौकोन राहिला. मग तिथे नमाजाच्या वेळांचं कॅलेंडर आलं, कारण तेव्हा धार्मिक मंडळींचा जोर होता. मग ते गेलं आणि चावी चिन्हवाल्या पक्षाचं पोस्टर आलं. आता कंदीलवाल्यांचं आहे. पण तो फिकट चौकोन अजून कडेने दिसतोच. त्याला पुरेल एवढं मोठं चित्र लज़हरला अजून मिळालेलं नाही.

पण त्याला वाईट म्हणू नकोस. भित्रा आहे. ज्याच्या हातात गाव, त्याच्या मागे उभं राहिलं की मार बसत नाही, हे तो आमच्या बापाकडून शिकला. आमच्या बापाला तर मतदान म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. ठरलेल्या रंगाचा कागद पेटीत टाकायचा आणि घरी येऊन जेवायचं. निकाल त्याला आदल्या दिवशीच माहीत असायचा.

म्हणून तर साहेब गेल्यावरच्या पहिल्या मतदानाची ती रांग मी विसरत नाही. तू सकाळीच दार वाजवलंस, "ऊठ गं म्हशी, उशीर होईल," आणि आपण गेलो तर शाळेला वळसा घालून रांग गेलेली. ऊन डोक्यावर आलं तरी कोणी हललं नाही. खद्दूजाखालासाठी कोणी खुर्ची आणली, ती बसेना. म्हणाली, "आयुष्यभर बसूनच होते, आज उभी राहू द्या." निळी शाई लावलेलं बोट घेऊन आपण बाहेर आलो आणि वेड्यासारख्या हसत सुटलो. तुला आठवतं का दलेंदा, कशाला हसलो ते? मला नाही आठवत. पण पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

आणि त्याच आठवड्यात तू ते बोललीस. गरम खोलीत, बायका भरलेल्या, मी तुझी पाठ घासत होते आणि तू म्हणालीस, "मोंजिया, तुझ्या मताची किल्ली तुझ्या भावाच्या खिशात आहे." मी म्हटलं, "तुझी जीभ तुझ्या बादलीत घाल आणि चालती हो." तू बादली उचललीस आणि खरंच चालती झालीस. पाठ अर्धीच घासून झाली होती. तेव्हापासून दर बुधवारी तू बादली घेऊन माझ्या दारावरून जातेस, चौकात गाडी भरायची वाट बघत बसतेस, आणि शेजारच्या गावात जाऊन अंघोळ करून येतेस. काय हट्ट म्हणायचा हा! येताना मी तुला बघते. सांगते ते ऐक, तुझ्या मानेमागे तिथल्या घासणाऱ्या बाईचा हात नीट लागत नाही.

माफी मी मागणार नाही. तूही मागू नकोस, आपल्या दोघींना ते जमणार नाही, उगाच नवं भांडण निघेल.

प्रचाराचं सांगते. दुपारी बायकांची वेळ सुरू झाली की सगळ्या पक्षांच्या बायका हजर, तुझ्याही. एरवी बिल्ले, टोप्या, रंगीत फडकी. आत आल्यावर सगळ्या कमरेला एक पंचा गुंडाळून ओट्यावर. कोण कंदील, कोण चावी, काही कळत नाही. एकीने मला हळूच विचारलं, "ताई, तुमच्या यादीचं म्हणणं काय आहे?" मी म्हटलं, "मला कोणी सांगितलेलं नाही. पालथी पड." हे मी हसत म्हटलं, पण मग माझंच मला टोचायला लागलं. खरंच कोणी सांगितलं नव्हतं. लज़हरच्या सभेत मी कॅफेच्या दारात खुर्चीवर, धड आत नाही, धड बाहेर नाही. त्याने माझ्याकडे हात केला आणि लोकांना म्हणाला, "ही माझी बहीण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहीण असल्याबद्दल टाळ्या मला पहिल्यांदाच मिळाल्या.

आता तुझ्या मोहल्ल्याचं. गावाबाहेरच्या खाऱ्या जमिनीच्या बाजूला कचऱ्याचा जो डोंगर आहे, तो पेटवतात आणि धूर तुमच्या घरांवर जातो, ते मला तुझ्या पत्रकातून कळलेलं नाही, दलेंदा. तुझी भाची सिवार माझ्याकडेच येते. तुला सांगत नसेल, आता कळलं, तिला ओरडू नकोस. ती तिच्या धाकट्या मुलीला घेऊन येते. त्या पोरीची मान घासली की घासायच्या हातमोज्यावर मळाचे काळे धागे येतात. शेवयांसारखे, कुळकुळीत काळे. तुमच्या बाजूच्या प्रत्येक बाईचे तसेच येतात, आमच्या बाजूच्या कोणाचेच नाहीत. पोर वाफेत बसली की आधी खोकते, खोकून खोकून मोकळी होते, मग गाणी म्हणायला लागते. मला म्हणते, "खाला, तुमच्याकडची हवा ओली असते, छान असते." हमामातली वाफ आवडते तिला, श्वास घ्यायला! सांग आता.

ईद झाल्यावर लज़हरने आम्हा पाचजणांना कॅफेच्या मागच्या खोलीत बोलावलं. कामं वाटली. मला "बायका आणि मुलं" दिलं. मी म्हटलं, "बरं. मग मुलांपासून सुरू करू. तो कचरा कधी हलवायचा?" बाकीच्यांनी चहाचे पेले उचलले. लज़हर अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, तिकडे आपली मतं नाहीत." मी म्हटलं, "तिकडे पोरं आहेत." तो म्हणाला, "आधी आपल्या लोकांचे रस्ते, मग बघू. पुढच्या निवडणुकीत त्यांनी नीट मत दिलं तर बघू." तो वाईट मनाने नाही बोलला, दलेंदा. हवामान सांगावं तसं बोलला. त्यामुळेच माझं डोकं फिरलं. मी इतक्या पाठी घासल्या, एकीवरही मत लिहिलेलं दिसलं नाही मला. चहा तसाच टाकून मी उठले.

घरी येऊन हेदीला सांगितलं, गुरुवारी मी लज़हरला मत देणार नाही. माझा नवरा तुला माहीत आहे, हमामाच्या भट्टीत बदामाची टरफलं टाकत बसतो आणि दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्यातली दोन त्याने त्या दिवशी माझ्यावर खर्च केली. म्हणाला, "लज़हर रुसला तर कॅफेतली माझी पत्त्यांची जागा जाईल. जाऊ दे, तिथे मी हरतोच."

मग परवा कचेरीतला कारकून सगळ्यांना समजावायला आला. मत गुप्त असेल, कोरा कागद मिळेल, पडद्यामागे जाऊन त्यावर उमेदवाराचं नाव आपल्या हाताने लिहायचं, स्पष्ट, वाचता येईल असं. ज्याला लिहिता येत नाही त्याने मदतीला माणूस घ्यावा. लज़हरने लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताईचा हात मी धरतो." सगळे हसले. मी म्हटलं, "मी तिसरीपर्यंत गेलेय, मला लिहिता येतं." तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मला माहीत आहे. आणि तुझं अक्षर मी शंभरांत ओळखेन." तेही हसतच. पण त्या हसण्यात काय होतं ते मला कळलं.

ओळखू दे. आठवडाभर तोंड फिरवून बसेल, मग रविवारी माझ्या हातचा कुसकुस खायला येईल. कॅफेत त्याच्या भिंतीवरचं चित्र पुन्हा बदलेल. पण तुला मत देतेय म्हणून उद्या तू जे करशील ते मुकाट्याने बघत बसेन असं समजू नकोस. कचरा हलला नाही तर मी तुझ्या दारात येऊन बसेन, आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे. खद्दूजाखालाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गुरुवारी काय होणार ते कोणालाच माहीत नाही?" मी म्हटलं, "मला माहीत आहे." ती म्हणाली, "बघ, आता तुमच्यासारख्यांना माहीत असतं. पूर्वी फक्त साहेबांच्या माणसांना असायचं." आणि दात नसलेल्या तोंडाने असं हसली की मला ती आपली पहिली रांगच आठवली.

बुधवारी गाडीची वाट बघत चौकात बसू नकोस. दुपारी सरळ आत ये. मधला ओटा मी कोणाला देणार नाही. लग्नाआधी नवरीला हमामात आणतात, तसं खुर्चीवर बसण्याआधी तुलाही कोणीतरी आणायला हवं, आणि शेजारच्या गावाचा मळ अंगावर घेऊन आमच्या गावाची नगराध्यक्ष होणं काही बरं दिसत नाही. ती अर्धी पाठ अजून माझ्याकडे बाकी आहे. आली नाहीस तरी मत तुझंच आहे. ते आणि हे वेगळं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुला वाटलं असेल, ही बाई घटकेघटकेला माझं नाव का घेते. लज़हरचं नाव मी झोपेतही लिहीन. तो शाळेत गेला तेव्हा त्याच्या प्रत्येक वहीवर मीच घातलं होतं. तुझं नाव लिहायची मला कधी वेळच आली नाही, हाक मारली की तू यायचीस. लहानपणी तू हमामातल्या घामेजलेल्या फरशीवर बोटाने लिहून दाखवायचीस. "हे माझं पहिलं अक्षर, अरबी दाल, ही ओट्यावर वाकून बसलेली बाई. ही पुढच्या अक्षराचा हात धरत नाही, एकटीच बसते. पण पुढे ती पुन्हा येते, आणि तेव्हा मागच्या अक्षरांनी तिचा हात धरलेला असतो." वाफेने ते लगेच पुसून जायचं आणि तू पुन्हा लिहायचीस. तेच मी रोज सकाळी करतेय. पहिल्या पानावर बघ, ती बाई ओट्यावरून घसरतेय. मधल्या पानांवर जरा सावरलीय. आता हात थरथरत नाही, धरायलाही कोणी लागणार नाही. एकदा शेवटचं लिहून बघते, गुरुवारी पडद्यामागे लिहीन तसं, सावकाश, कोणालाही वाचता येईल असं:

दलेंदा.

तुझीच,
मोंजिया