सासूबाईंसाठी चिठ्ठ्या

३ जून

आलो एकदाचे. सामानाची गाडी नऊला येणार होती, ती आली साडेअकराला. फ्रिज वर नेताना हमालांनी जिन्याचा कठडा असा काही घासला की आता सासूबाई फाडकन बोलणार म्हणून मी आधीच मान खाली घातली. पण त्यांचं लक्षच नव्हतं. ढब्बूला त्यांनी दारातच माझ्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याच्या तळपायांचा वास घेत उभ्या होत्या.

ढब्बू आमचा धाकटा, नऊ महिन्यांचा आणि नावाला साजेसा. थोरली भिंगरी साडेचार वर्षांची. तिने तासाभरात सगळ्या खोल्या, गच्ची आणि शेजारीणबाईंचं घर पालथं घातलं. आम्हाला मागची मोठी खोली मिळाली आहे. खिडकीतून कपड्यांच्या दोऱ्या, खालचा रस्ता आणि एक पिवळी पाण्याची टाकी दिसते. मला खोली फार आवडली.

परवापासून माझी नवी नोकरी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. नवरा यंत्रं दुरुस्त करायला आठवड्याचे चार दिवस बाहेरगावी असतो. मुलं कोण सांभाळणार, हा प्रश्न सासूबाईंनीच फोनवर निकालात काढला होता. घरचं माणूस असताना परक्याच्या हाती पोरं कशाला, म्हणाल्या. मैत्रिणींच्या मते मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेते आहे. त्यांना म्हटलं, दोन पोरं आणि नोकरी एकत्र महिनाभर ओढून दाखवा, मग बोला.

६ जून

लॅब छान आहे. सुपरवायझर बाई कडक आहेत, पण सरळ. शिफ्ट बदलताना कोणता नमुना कुठे अडकलाय, कोणाला फोन करायचाय, सगळं चिठ्ठीवर लिहून खाली सही आणि वेळ टाकायची. तोंडी सांगितलेलं आमच्यात धरतच नाहीत.

घरी सासूबाईंनी विचारलं की ढब्बू जेवायला इतका का छळतो. वय झालं, काही ध्यानात राहत नाही, तू नीट सांग. मी म्हटलं, थांबा आई, लिहूनच देते. चमचा आधी माझ्या खालच्या ओठाला लावायचा, मग त्याच्या. तीन घास झाले की खिडकीतली टाकी दाखवायची. घाई केली की तो ओठ मिटतो. सवयीने खाली सही आणि वेळही टाकली. त्या खूप हसल्या. चिठ्ठीची चौपदरी घडी करून गाऊनच्या खिशात ठेवली. मला बरं वाटलं, आपलं काम कोणीतरी मन लावून वाचतंय.

११ जून

ढब्बू सासूबाईंच्या हातून वाटी चाटून पुसून संपवतो आणि माझ्या हातून तोंड फिरवतो. आपलंच नाणं खोटं, कोणाला सांगणार!

एक मात्र विचित्र झालं. आज सुट्टी म्हणून मीच भरवायला बसले. चमचा हातात घेतला आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. काहीतरी होतं, ओठाचं काहीतरी. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. शेवटी सासूबाईंनी हळूच चमचा काढून घेतला. दमली आहेस, म्हणाल्या.

१७ जून

भिंगरीच्या डोक्यात दोन भोवरे आहेत. भांग नेहमीच्या जागी पाडला की अर्ध्या तासात केस सुटतात. म्हणून मी डावीकडून सुरू करते आणि पहिला पेड सैल ठेवते. सासूबाईंनी तेही लिहून मागितलं. शाळेत जाताना पोरगी झिपरी दिसते, लोक आजीला नावं ठेवतात, म्हणाल्या. दिलं लिहून.

आज कंगवा घेऊन बसले तर वेणी घालता येईना. तीन पेड, एकावर एक. धाकट्या बहिणीची वेणी घालत मी लहानाची मोठी झाले! भिंगरी खिदळली, आई वेणी विसरली, आई वेणी विसरली. मग उठून आजीकडे गेली. मी बाथरूमचा नळ सोडून तिथे रडले.

नवऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, झोप पुरत नाही तुला. आणि आईला आनंद होतोय तर होऊ दे ना. त्याच्या लहानपणी तिला मुलांचं काही म्हणता काही जमायचं नाही. त्याला आजीनेच वाढवलं. आई दाराशी उभी राहून नुसती बघायची, घ्यायला घाबरायची. आता दुधापेक्षा साय गोड लागतेय, तर चाखू दे बिचारीला.

मला का कोण जाणे, ते दाराशी उभं राहणं डोळ्यांपुढून जाईना.

२४ जून

चार दिवस सासूबाई अंगाईच्या मागे लागल्या होत्या. मीच जुळवलेलं गाणं आहे ते, मोरीतल्या बेडकाचं, यमकसुद्धा धड जुळत नाही. या वेळी नाही म्हटलं. ते माझं आहे, म्हटलं. पण मी लॅबमध्ये असताना ढब्बू दोन दिवस दुपारभर रडला. शेजारीणबाईंनी मला जिन्यात गाठून सुनावलं, पोराचे हाल चाललेत आणि तुम्ही हट्ट धरून बसलात. मग लिहून दिलं.

संध्याकाळी त्या आतल्या खोलीत गात होत्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते. किती गोड गाणं आहे. कोणी केलं असेल, असं क्षणभर मनात आलं.

सासूबाई ताठ चालायला लागल्या आहेत. ढब्बूला एका कडेवर घेऊन जिना चढतात. भिंगरी परवा चुकून त्यांना आई म्हणाली. कोणी तिला दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

२९ जून

त्या भाजी आणायला गेल्या तेव्हा त्यांचं कपाट उघडलं. लाज वाटली, तरी उघडलं. बिस्किटांच्या चौकोनी डब्यात माझ्या चिठ्ठ्या होत्या, सहीसकट. वाचल्या. अक्षर माझं. वाक्यं कळतात. हातांना काहीच कळत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरची माहिती वाचावी तसं.

खाली दुसरा गठ्ठा होता, पिवळा पडलेला. अक्षर सासूबाईंचं, पण तरुण, गोलगोल. वर लिहिलेलं, सासूबाईंसाठी. पहिलीच चिठ्ठी अशी: बाळ झोपताना स्वतःचा उजवा कान धरतो. त्याला धरू द्यावा.

माझा नवरा अजून तसाच झोपतो.

त्या कधी परत आल्या ते कळलं नाही. मला वाटलं ओरडतील. पिशवी खाली ठेवून त्या पलंगावर बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांच्या सासूनेही त्यांच्याकडून असंच मागून घेतलं होतं, एकेक करत. त्याही भोळेपणाने देत गेल्या. चाळीस वर्षं स्वतःच्या मुलाला पाहुण्यासारखं चहाचं विचारत आल्या. सासू गेल्यावर हा गठ्ठा हाती आला, रोज उघडून वाचला, पण काही परत आलं नाही. परत येत नाही गं, म्हणाल्या. पुढच्याकडूनच मिळतं.

मग डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. रडू नकोस, तुझेही येतील. ढब्बूचं लग्न तर होऊ दे.

त्यांची कीव आली. खरंच आली. त्याचीच जास्त भीती वाटते.

३ जुलै

आज सकाळी दोन्ही मुलांना घेऊन निघाले. बहिणीकडे जायचं ठरवलं होतं. एक बॅग, दोन डबे, बस थांबा दहा मिनिटांवर.

ढब्बूला कसं घ्यायचं ते हातांना आठवेना. मान धरली तर पाय लोंबतात, पाय धरले तर तो मागे कोसळतो. हे मी त्यांना कधी लिहून दिलं? महिनाभरात पंधरा-सोळा चिठ्ठ्या झाल्या असतील, मी मोजल्या नाहीत. थांब्यावर तो माझ्या हातातून निसटला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वरच्यावर झेलला. त्यांनी भिंगरीला विचारलं, ही बाई कोण तुझी? भिंगरीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, आमच्या घरी राहते.

परत आलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मुलं पळत —— ढब्बू नाही, तो अजून चालत नाही. पण झेपावला त्यांच्याकडे.

माझ्या हातून पडून मुलांना काही होण्यापेक्षा हे बरं.

५ जुलै

आता काही लिहून देत नाही. त्या दिवसातून तीनदा विचारतात. अजून काही राहिलंय का गं?

राहिलंय. एकच. ढब्बूचं रडणं मला कळतं. भुकेचं, झोपेचं, नुसतं लाडाचं. आणि कानाचं. कान दुखला की तो मध्येच थांबून दोनदा श्वास ओढतो आणि मग बारीक आवाज काढतो. एप्रिलमध्ये सगळे म्हणत होते, दात येतायत. मी ओळखलं, रात्र न घालवता नेलं. अजून एक दिवस गेला असता तर इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलं असतं, डॉक्टर म्हणाले.

हे देणार नाही. हे दिलं तर मी कोण?

८ जुलै

रजा टाकली. सुपरवायझर बाई फोनवर म्हणाल्या की काल मी नमुन्याच्या नळीवर नाव लिहायला विसरले. मला आठवत नाही.

भिंगरी आज खोलीत आली. माझ्या पलंगावर बसली, पाय हलवत. तिला काहीतरी हवं होतं. काय ते मला ——

९ जुलै

सकाळपासून रडतोय. दोनदा श्वास. बारीक आवाज. कान आहे.

सांगितलं. सासूबाई म्हणाल्या दात. पुन्हा सांगितलं. त्या ऐकतात, मान हलवतात, आणि त्यांना कळत नाही —— खोटं नाही, खरंच कळत नाही. त्याही रडवेल्या झाल्यात. शेजारीण म्हणाली आजीला कळत नसेल का. नवरा फोनवर म्हणाला, आईला विचार.

स्वतः उचलायला गेले. हात —— पडला असता. त्यांनी धरला.

दुपार

ताप चढलाय. डॉक्टरकडे न्या म्हटलं, तर सगळे म्हणतात दातांचा ताप, उतरेल. डोकं मागे टाकतोय. रडणं कमी झालंय, ते जास्त वाईट.

त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हात जोडून म्हणाल्या, तुला कळतंय ना, मग लिहून दे गं. या वेळी माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी दे.

माझा ढब्बू. माझी भिंगरी. माझा ढब्बू. माझी ——

लिहिते. याच पानाचा खालचा भाग फाडून देते.

दिला.

त्यांनी वाचलं. लगेच वळल्या. कान आहे गं त्याचा, कान! ओरडल्या. गाडी बोलावली. वाचेल तो. आता वाचेल.

बरं झालं.

खिडकीत ऊन आलंय. पिवळी टाकी आहे समोर. खाली एक बाई बाळाला घेऊन गाडीत बसते आहे, घाईत. फार रडतंय बाळ. बिचारी.

एक मुलगी आली खोलीत. माझा हात धरला. सोडेना. गोड आहे. केस सुटलेत. चल ना, चल ना म्हणते, कुठे ते कळत नाही. रडते आहे. का रडतेस म्हटलं. जा बाळा, खाली तुझी आई थांबलीये तुझ्या ——